वाचकांचे प्रश्न : गेलेला मित्र परत भेटायला येतो तेव्हा

मागच्या अंकात मी पुराणकथांवर बेतलेल्या, भुताखेतांच्या आणि दोन पुरुषांच्या प्रेमाच्या फँटसी मालिकांवर लिहिलं होतं, आणि खरं सांगते, इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरीचशी स्वतः लिहिणाऱ्यांची आहेत, काही नुसती वाचणाऱ्यांची, एक एका आईचं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पाच घेतलीत, आणि पहिल्याला मुद्दाम जास्त जागा दिली कारण मला जे मनापासून सांगायचंय ते त्या पत्रामुळेच सुचलं.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, सांगलीला असतो, दिवसा दुकान सांभाळतो आणि रात्री मोबाईलवर कादंबरी टाईप करतो. पाच भागांची मालिका आहे, तीन झाले. इराकमध्ये वारकाला, म्हणजे जुन्या उरुक शहराच्या जागी, खोदकामावर असलेला एक तरुण, त्याला रात्री तंबूबाहेर एन्किडूचा, म्हणजे उरुकचा राजा गिल्गमेश याच्या जिवलग सोबत्याचा, आत्मा भेटतो आणि हळूहळू कळतं की हा तरुण म्हणजे गिल्गमेशचाच पुनर्जन्म. चौथ्या भागात मी एन्किडूला मंत्राने देह परत देतो आणि दोघं एकत्र राहतात. जवळच्या मित्राला वाचायला दिलं तर तो म्हणाला की जुन्या कथेला तू आजकालचं गे प्रेम आणि भूत दोन्ही बाहेरून चिकटवलंस. फार लागलं मला. तो बरोबर आहे का? आणि शेवट बदलू का?

उत्तर : तुमच्या मित्राने मूळ काव्य, मेसोपोटेमियातलं (म्हणजे आजच्या इराकमधलं) मातीच्या पाट्यांवर लिहिलेलं गिल्गमेशचं महाकाव्य, वाचलेलं दिसत नाही, कारण या दोन्हीतलं काहीच बाहेरून आणावं लागत नाही. एन्किडू अजून उरुकला यायचाच असतो तेव्हा गिल्गमेशला दोन स्वप्नं पडतात, एकात आकाशातून ताऱ्यासारखा दगड पडतो, दुसऱ्यात रस्त्यात एक कुऱ्हाड पडलेली दिसते, आणि दोन्ही वेळा तो त्या वस्तूवर बायकोसारखं प्रेम करतो, आणि त्याची आई निनसुन त्याला समजावून सांगते की हा तुझा सोबती येतोय. हे पहिल्या पाटीत आहे, मातीच्या पाटीवर कोरलेलं! पुढे एन्किडू मरतो तेव्हा गिल्गमेश त्याचा चेहरा नवरीसारखा झाकतो, पिल्लं हिरावलेल्या सिंहिणीसारखा येरझाऱ्या घालतो, केस उपटतो, आणि सहा दिवस सात रात्री प्रेत पुरू देत नाही, नाकातून किडा गळून पडेपर्यंत. आता याला कोणी नुसती दोस्ती म्हटलं तर म्हणू दे, अभ्यासकांमध्येही त्यावर वाद आहेत, पण तुम्ही बायकोसारखं प्रेम वाचून प्रेमाची कथा लिहिलीत, यात चिकटवाचिकटवी कुठली?

आणि भूत. बारावी पाटी वाचली असेलच तुम्ही, नसेल तर आज रात्री टाईप करायचं बंद ठेवा आणि आधी ती वाचा. ही पाटी मागाहून जोडलेली, एका जुन्या सुमेरियन कवितेच्या उत्तरार्धाचं भाषांतर, म्हणून सातव्या पाटीत आजारी पडून गेलेला एन्किडू इथे सुरुवातीला चक्क जिवंत असतो. गिल्गमेशच्या खेळायच्या वस्तू पाताळात पडतात, एन्किडू आणायला खाली उतरतो, आणि गिल्गमेश त्याला सांगून ठेवतो की स्वच्छ कपडे घालू नकोस, अंगाला सुगंधी तेल लावू नकोस कारण वासाने खालचे आत्मे गोळा होतील, पायात वहाणा घालू नकोस, आवाज करू नकोस. एन्किडू नेमकं सगळं उलट करतो आणि पाताळ त्याला धरून ठेवतं. (फँटसी लिहिणारे लोक जादूचे नियम बनवण्यात महिनोन्महिने घालवतात, इथे आयते चार हजार वर्षांचे नियम पडलेत, तेल, वहाणा, कपडे, आवाज, वापरा की ते!) मग गिल्गमेश एकेका देवाच्या दारात जाऊन रडतो, एन्लिल उत्तरच देत नाही, शेवटी इआ मदत करतो, जमिनीला भोक पाडलं जातं आणि एन्किडूचा आत्मा वाऱ्याच्या झोतासारखा वर येतो. दोघं मिठी मारतात, मुके घेतात, प्रश्नांवर प्रश्न. गिल्गमेश विचारतो खाली काय आहे सांग, आणि एन्किडू म्हणतो नाही सांगत, सांगितलं तर तू बसून रडशील. मग सांगतो. जे शरीर तू आनंदाने हाताळायचास ते आता जुन्या कपड्यासारखं किडे खातायत.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून नुसती बसले होते.

पण त्याच्याही पुढे आहे ते तुमच्या शेवटासाठी महत्त्वाचं. गिल्गमेश विचारत जातो, एक मुलगा असलेला माणूस खाली कसा आहे, दोन असलेला, तीन, असं सात मुलांपर्यंत, आणि जितकी मुलं जास्त तितकी त्या आत्म्याची अवस्था बरी. आणि ज्याचं करायला मागे कोणीच नाही तो? तो भांड्याला चिकटलेलं खरवडून खातो, रस्त्यावर टाकलेले तुकडे खातो. म्हणजे मेल्यावर माणसाचं काय होतं हे त्याला पाणी कोण देतं यावर ठरतं. पितृपक्ष पाळणाऱ्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

इथे मला माझं एक सांगायचंय. मी शाळेत असताना मामा गेले. मामांचं लग्न झालेलं नव्हतं, ते आणि त्यांचे एक मित्र बावीस वर्षं एका बिऱ्हाडात राहत होते, मित्र म्हणूनच सगळे त्यांना ओळखायचे. दहाव्याला नदीवर पिंड ठेवले, कावळा शिवेना. एकेक नातेवाईक पुढे होऊन हात जोडून बोलला, आईला सांभाळू, घराचं बघू, कर्ज फेडू, कावळे फांदीवर बसून नुसते बघत होते. ते मित्र घाटाच्या वरच्या पायरीवर चपला हातात धरून उभे होते. त्यांना पुढे ये असं कोणीच म्हटलं नाही. मीही नाही, लहान होते, पण कळत होतं मला. शेवटी दुपार झाली तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे जेवायला गेले. बारावी पाटी वाचताना मला ती पायरी आणि त्या चपला आठवतात, दर वेळी.

म्हणून शेवट बदला असं मी म्हणेन, पण दुःखी करा असं नाही म्हणत. मंत्राने देह परत मिळाला की पाचव्या भागात सांगायला उरतं काय? मूळ कथेतला जीव असा आहे की गेलेला परत येतो पण राहू शकत नाही, आणि जो मागे राहिलाय त्याला शोक करायचा हक्क आहे की नाही. मेसोपोटेमियात किस्पू नावाचा विधी होता, महिन्याच्या शेवटी चंद्र दिसेनासा झाला की गेलेल्यांची नावं घेऊन त्यांना अन्न आणि थंड पाणी द्यायचं, साधारण आपल्या अवसेलाच म्हणा ना, आणि हे करणाऱ्याला पाकिदू म्हणायचे, काळजी वाहणारा. बहुतेक ते काम थोरल्या मुलाचं असे. तुमच्या नायकाला पाकिदू होऊ दे. एन्किडूला मूलबाळ नाही, हजारो वर्षं त्याला पाण्याचा थेंब मिळालेला नाही, आणि हा सांगलीच्या माणसाने लिहिलेला नायक वारकाच्या तापलेल्या मातीवर बाटलीतलं पाणी ओतून त्याचं नाव घेतो. बघा लिहून. माझ्या मते मंत्राच्या सीनपेक्षा हा सीन मोठा होईल.

एकच गोष्ट खटकली, पुनर्जन्म. तो आपला आहे, त्यांचा नाही. त्यांच्याकडे गेलेला माणूस खाली अंधारात पक्ष्यासारखी पिसं पांघरून धूळ खातो, परत जन्माला येत नाही. नायक पुनर्जन्माने गिल्गमेश असण्याची गरजच नाही, तो एक परका माणूस आहे आणि तरी पाणी देतो, हे जास्त चांगलं नाही का?

प्रश्न : तुम्ही मागच्या अंकात ट्रॉयच्या युद्धातल्या अकिलीज आणि पॅट्रोक्लसला सरळ प्रियकर म्हणून टाकलंत. होमरने असं कुठे लिहिलंय? मी इलियडचा अनुवाद दोनदा वाचलाय. (ठाणे)

उत्तर : नाही लिहिलेलं, तुमचं बरोबर आहे, आणि मी तो शब्द जरा घाईने वापरला. होमर दोघांच्या नात्याला नावच देत नाही. पण हे आजच्या लोकांचं खूळ आहे असं तुमच्या पत्रात पुढे म्हटलंय ते मात्र नाही पटत. इसवीसनपूर्व पाचव्या शतकात नाटककार एस्किलसने अथेन्सच्या रंगमंचावर त्या दोघांना प्रियकर म्हणून उभं केलं, ते नाटक हरवलं पण तुकडे उरलेत. प्लेटोच्या मेजवानीच्या संवादात फीड्रस नावाचा पाहुणा त्यावरून एस्किलसची चूक काढतो, पण ती चूक कसली, तर दोघांतला प्रेम करणारा कोण आणि ज्याच्यावर प्रेम केलं तो कोण याची अदलाबदल झाली म्हणून! प्रेम होतं की नव्हतं हा त्याला प्रश्नच पडत नाही. आणि इसवीसनपूर्व ३४५ मध्ये ईस्किनीज हा अथेन्सचा वक्ता कोर्टात उभा राहून म्हणतो की होमर त्यांच्या प्रेमाचं नाव लपवतो कारण शिकलेल्या श्रोत्यांना ते आपोआप कळेल असं त्याला वाटतं. म्हणजे तुमचा आणि माझा वाद निदान तेवीसशे वर्षं जुना आहे.

तुम्ही दोनदा वाचलंय तर तेविसावं पर्व तिसऱ्यांदा वाचा, एवढं माझ्यासाठी करा. अकिलीज समुद्राकाठी दमून झोपलाय आणि पॅट्रोक्लसचं भूत डोक्याशी येऊन उभं राहतं, तीच उंची, तेच डोळे, तोच आवाज, अंगावर तेच कपडे, आणि म्हणतं तू झोपलास, मला विसरलास. मला लवकर अग्नी दे, बाकीचे आत्मे मला नदी ओलांडू देत नाहीत. हात दे, कारण एकदा अग्नी दिलास की मी परत येणार नाही. आणि आपल्या दोघांची हाडं एकाच सोन्याच्या कलशात ठेवायला सांग. अकिलीज हात पुढे करतो आणि हाताला काहीच लागत नाही, धुरासारखा तो जमिनीखाली जातो. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेत पॅट्रोक्लसचं डोकं अकिलीजने स्वतःच्या हातांत धरलेलं असतं. आणि होमरच्याच ओडिसीच्या शेवटच्या पर्वात कळतं की त्याचं ऐकलं गेलं, दोघांची अस्थी एकत्र मिसळून एकाच कलशात ठेवली, अँटिलोकस हा अकिलीजचा दुसरा मित्र, एवढा लाडका तरी त्याची वेगळी. नाव काहीही द्या. कलश एक आहे.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या कपाटात ग्रीक देवांच्या कथांवरची मालिका सापडली, मुखपृष्ठावर दोन मुलगे. मी चोरून थोडी वाचली. तेव्हापासून जेवण जात नाही. त्याला विचारू का? डॉक्टरकडे नेऊ का? (नाशिक)

उत्तर : ताई, आधी दोन घास खा. पुस्तक वाचलं म्हणून मुलगा गे आहे असं काही नसतं, या मालिका वाचणाऱ्यांत मुलीही भरपूर आहेत. आणि असलाच तर तो आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आपल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही २०१८ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम ३७७ रद्द केलं. डॉक्टरकडे जायचंच तर तुमची झोप आणि भूक उडालीय त्यासाठी जा, त्याला ओढत नेऊ नका. बरा करतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या दारातूनही जाऊ नका, हात जोडून सांगते.

कपाट उघडलं हे त्याला नका सांगू लगेच, विश्वास जातो. विचारूही नका. तुम्ही थोडी वाचलीत ना, उरलेली वाचा. कधी भाजी निवडताना सहज म्हणा की मी अकिलीजची गोष्ट वाचली, तो मित्रासाठी किती रडतो गं बाई, मला फार वाईट वाटलं. बस एवढंच. त्याला बोलायचं असेल तर दार उघडं आहे हे त्याला कळेल, नसेल बोलायचं तर एक चांगली गोष्ट दोघांनी वाचली असं होईल.

प्रश्न : या सगळ्या पुराणकथांत एक जण मरतोच का? आणि सुरुवात करायला गॅनिमिडची गोष्ट घेऊ का, ग्रीक देवांचा राजा झ्यूसने उचलून नेलेला सुंदर राजपुत्र? त्यात कोणी मरत नाही. (न्यू जर्सी, मूळ कोल्हापूर)

उत्तर : गॅनिमिड कृपा करून नको. तो पोरगा आहे आणि त्याला पळवून नेलंय, त्याच्या बापाला बदल्यात घोडे दिले की झालं. त्यात रोमान्स नाही, आणि तो घालायला गेलात तर लहान मुलाला पळवून नेण्याला प्रेम म्हटल्यासारखं होईल. ग्रीक कथांत हे वारंवार येतं, मोठा पुरुष आणि मिसरूड न फुटलेला मुलगा, तेव्हा ती तिथली रीत होती, पण आज लिहिणाऱ्याने दोन्ही माणसं मोठीच घ्यावीत, इथे मी तडजोड करायला तयार नाही. अपोलो देवाचा लाडका मुलगा हायसिंथस, त्याचंही तेच, घ्यायचा तर मोठा करून घ्या.

मरणाबद्दल, तुमची तक्रार रास्त आहे, मलाही कंटाळा येतो. पण एक मेलेला असा आहे की मेल्यावर त्याला नोकरी लागते! चीनमधल्या फूज्यान प्रांतातली गोष्ट, अठराव्या शतकात युआन मेई या लेखकाने लिहून ठेवलेली. हू तिआनबाओ नावाचा माणूस एका देखण्या सरकारी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडतो, चोरून बघताना पकडला जातो, अधिकारी त्याला मारून टाकायला लावतो. महिन्याभराने तो गावातल्या एका माणसाच्या स्वप्नात येतो आणि सांगतो की माझा गुन्हा फक्त प्रेमाचा होता म्हणून यमलोकातले अधिकारी मला हसले, आणि त्यांनी मला ससा-देव नेमलं, पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचं बघायला. माझं देऊळ बांधा. देऊळ बांधलं गेलं. आणि आजही आहे, तैवानमध्ये न्यू तैपेईत २००६ पासून ससा-देवाचं देऊळ आहे, लोक तिथे जोडीदार मागायला जातात. त्याच तैवानमध्ये मे २०१९ पासून दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं लग्न कायदेशीर आहे. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने त्याला मान्यता दिली नाही, म्हणजे माझ्या मामांचे मित्र आज असते तरी कायद्याच्या लेखी पायरीवरच असते. तुम्ही ससा-देवावर लिहा. भूत आहे, देव आहे, यमलोकातलं ऑफिस आहे, आणि नायक पहिल्या पानावर मरून गेल्यामुळे पुढे मरायची भीती नाही.

प्रश्न : सगळं परदेशी घेऊनच का लिहायचं? मी मालवणकडचा, मला वेताळावर अशी मालिका लिहायचीय, पण गावातले रागावतील अशी भीती वाटते. (मुंबई)

उत्तर : वेताळ तुमच्या गावचा देव आहे, नुसतं भूत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून वेताळाचाच रोमान्स करू नका, लोक दुखावतील आणि ते चुकीचं नाही. वेताळाला साक्षीला ठेवा. कोकणात आणि गोव्यात त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात ना, तो रात्रभर गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात म्हणून, मग गावात रात्री कोण कोणाकडे जातं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि त्याने ते कधी कोणाला सांगितलेलं नाही.

दुसरी वाट वेताळपंचविशीची. राजा झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन रात्रीच्या अंधारात चालतोय आणि अट अशी की तोंडातून शब्द निघाला की प्रेत परत झाडावर. त्या कथांत असं प्रेम नाही, ते तुम्ही आणणार आहात, हे स्वतःशी कबूल करून आणा. पण ज्याच्यावर जीव आहे त्याला खांद्यावर वाहायचं, त्याचा सगळा भार मानेवर जाणवतोय, तो कानाशी बोलतोय आणि आपण एक शब्द बोललो तर तो जाणार, ही अट मी विचार करून करून काढली असती तरी मला सुचली नसती. इला, शिखंडी वगैरे मात्र यात ओढू नका, त्या स्त्रीचा पुरुष आणि पुरुषाची स्त्री होण्याच्या कथा आहेत, त्यांचं दुखणं वेगळं आहे आणि त्यांना वेगळी मालिका हवी.

मालवणीत लिहा, निदान संवाद तरी. आणि पहिलं प्रकरण झालं की पाठवा, वहाणांची जोडी देवळात कोण ठेवून गेलं इथून सुरू केलंत तर मला आवडेल.